पाळणा लांबवण्याचे मौनशास्त्र

संततिनियमन, म्हणजे मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत आणि कोठे थांबावे हे दैवावर न सोपवता साधनांच्या साहाय्याने ठरवणे, हा विषय पुस्तकात वाचला असता फार सोपा वाटतो. कारण पुस्तकातील पती-पत्नी सतरंजीवर शेजारी शेजारी बसतात, परिचारिका त्यांच्यापुढे सर्व साधने मांडते, प्रत्येकाचे गुणदोष समजावून सांगते, दोघे विचारपूर्वक माना डोलावतात आणि एक साधन निवडून हसतमुखाने घरी जातात. या चित्रातील दांपत्याला सासू नसते, जाऊ नसते, माहेरहून फोन येत नाहीत, शेजारच्या घराशी भिंत सामाईक नसते आणि मुख्य म्हणजे विषय निघाला की नवऱ्याला अचानक बैलांना पाणी दाखवायचे आठवत नाही. प्रत्यक्षात हे सगळे असते, आणि त्यामुळे साधनांची सरकारी यादी जसजशी लांबत गेली तसतशी निवड सोपी न होता कोणते साधन कोणापासून कसे लपवावे हा प्रश्नच तेवढा गुंतागुंतीचा होत गेला.

ही यादी आज चांगलीच भरगच्च आहे. तीत निरोध आहे, रोज घ्यायच्या गोळ्या आहेत, आठवड्याने घ्यायची गोळी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे, गर्भाशयात बसवायची तांबी आहे, चुकामूक झाल्यास ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आहे आणि कायमचा निकाल लावणाऱ्या दोन शस्त्रक्रिया आहेत, एक बाईची आणि एक पुरुषाची. साधनाची परिणामकारकता, त्याचे दुष्परिणाम आणि टिकण्याचा काळ पाहून निवड करावी असे वैद्यकशास्त्र सांगते. लोकव्यवहार मात्र एकाच कसोटीवर चालतो, ती म्हणजे या साधनापायी नवरा-बायकोला एकमेकांशी किती बोलावे लागेल. ज्यात एकदाही बोलावे लागत नाही ते साधन उत्तम, ज्यात अधूनमधून बोलावे लागते ते मध्यम, आणि ज्यात दुकानदाराशीसुद्धा बोलावे लागते ते अधम, अशी ही प्रतवारी असून तिला पुढील विवेचनात सोयीसाठी मौनशास्त्र म्हटले आहे.

मौनशास्त्राच्या अभ्यासाला हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाका हे गाव विशेष अनुकूल आहे. हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होण्याच्या बेतात ते वसलेले आहे. पूर्णा-अकोला लोहमार्गावर त्याला स्वतःचे स्टेशन आहे आणि पैनगंगाही फार दूर नाही. १९५६ पर्यंत या सीमेच्या अलीकडे हैदराबाद राज्य आणि पलीकडे मध्य प्रदेश होता. पुढे १९९८ मध्ये वाशीम आणि १९९९ मध्ये हिंगोली हे स्वतंत्र जिल्हे झाले, आणि येथील गावकऱ्याच्या दोन्ही हातांना एकेक जिल्ह्याचे ठिकाण आले. दोन जिल्हे म्हणजे दोन बाजारपेठा, दोन रुग्णालये आणि औषधांच्या दुकानांच्या दोन रांगा. कापड कुठे स्वस्त, बियाणे कुठे खात्रीचे, हे गावकऱ्याला पाठ असतेच. पण सीमेवर राहण्याचा खरा लाभ असा की गावातली लाज शेजारच्या जिल्ह्यात नेऊन खर्च करता येते.

या लाभाचा सर्वाधिक उपयोग निरोधच्या खरेदीत होतो. निरोध, म्हणजे पुरुषाने वापरायचे रबरी आवरण, हे सरकारने १९६८ मध्ये बाजारात आणले तेव्हा तीन नगांची किंमत १५ पैसे ठेवली होती, आणि ते खेडोपाडी पोहोचावे म्हणून चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेची मदत घेतली होती. विचार असा की जिथे चहाची पुडी पोहोचते तिथे निरोधही पोहोचेल. वस्तू पोहोचली यात शंका नाही. चहाची पुडी मागताना मात्र माणूस इकडेतिकडे पाहत नाही, एवढी एक बाब योजनेतून सुटली.

गावातल्या मेडिकलमध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानात, हे साधन मागणे अशक्य असते, कारण दुकानदार हा बहुधा शाळेतला वर्गमित्र किंवा भावकीतला असतो. तेव्हा गृहस्थ एसटीने वाशीम गाठतो, अनोळखी दुकान निवडतो आणि दुकानातले स्त्री-गिऱ्हाईक निघून जाण्याची वाट पाहत उभा राहतो. ते गिऱ्हाईक जाताच दुसरे येते. मोकळ्या हाताने उभे राहणे बरे दिसत नाही म्हणून तो आधी डोकेदुखीच्या गोळ्या घेतो, मग खोकल्याचे औषध, मग बाम, मग लहान मुलांचे जंतांचे औषध, आणि घरात कोणालाही नसलेल्या चार आजारांचा बंदोबस्त झाल्यावर एकदाचे दुकान रिकामे होते.

“अजून काही?” दुकानदार विचारतो.

“ते... एक पाकीट द्या.”

“कशाचं?”

“तेच हो.”

दुकानदार अनुभवी असल्यामुळे त्याला पुढचे विचारावे लागत नाही. तो पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि वर काळ्या पिशवीत घालतो, म्हणजे आत काय आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळते. याच क्षणी पाठीमागून आवाज येतो, “काय पाव्हनं, इकडं कुठं?” आणि वळून पाहावे तर गावातलाच चुलत सासरा उभा असतो, जो याच कारणासाठी सीमा ओलांडून आलेला असतो.

“काई नाई मामा, हळदीचा भाव बघाव म्हणलं.”

“मी बी त्याच्यासाठीच आलतो,” मामा म्हणतात.

हळदीची नावाजलेली बाजारपेठ हिंगोलीला आहे, हे दोघांनाही जन्मापासून ठाऊक असते. वाशीमला हळदीचा भाव पाहण्यासाठी औषधाच्या दुकानात का यावे लागते, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारत नाही आणि परतीच्या एसटीत दोघे मुद्दाम वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

सरकारला ही अडचण कळत नाही असे नाही. २०११ मध्ये गर्भनिरोधके घरपोच देण्याची योजना सुरू झाली, आणि ती आशाताईंवर, म्हणजे गावातच राहून आरोग्यखात्याचे काम करणाऱ्या स्वयंसेविकांवर सोपवली गेली. तीन निरोधांना १ रुपया, महिनाभराच्या गोळ्यांना १ रुपया आणि तातडीच्या गोळीला २ रुपये, असा दर ठरला. जगात इतक्या स्वस्तात घरपोच मिळणारी दुसरी वस्तू शोधून सापडणार नाही. तरीही अडचण किमतीची नसून दाराची असल्यामुळे ती मिटली नाही, कारण आशाताई दारात आल्या की दार सासूबाई उघडतात.

“काय आणलं वं बाई?”

“काई नाई मावशी, पोराच्या डोसाची तारीख सांगायला आले.”

अशा रीतीने त्या घरातल्या बाळाचे लसीकरण कागदोपत्री संपले तरी आशाताईंच्या बोलण्यात ते पुढे कितीतरी दिवस चालू राहते.

गोळ्यांची कथा याहून वेगळी आहे. माला-एन या मोफत सरकारी पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके, म्हणजे बीजकोषातून बीज बाहेर पडू न देणारी द्रव्ये असतात, आणि उरलेल्या ७ गोळ्या केवळ लोहाच्या असतात, जेणेकरून रोज गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि अंगात रक्तही वाढावे. पाकीट सासूच्या हाती लागलेच तर सून “रक्त वाढायच्या गोळ्या हायेत” असे सांगते, आणि हिशेब केल्यास हे उत्तर बरोबर चार आण्यांनी खरे ठरते. अडचण लपवण्याची नसून लपवलेले सापडण्याची आहे. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेले पाकीट पाहुणे आले की वर येते, पाहुणे गेले की ते माळ्यावरच्या गोधड्यांत जाते, तिथून सणाच्या साफसफाईत ट्रंकेत जाते, आणि दोन दिवस गोळी चुकली असे लक्षात येईपर्यंत पाकिटाची शेवटची जागा कोणती हे कोणालाच आठवत नाही. रोजची गोळी रोज आठवावी लागते, आणि ती आठवण दुसऱ्या कोणी करून देण्याची सोय नसते, नवऱ्याने “घेतली का?” असे विचारावे तर ते बोलणे झाले.

रोजची कटकट नको म्हणून छाया ही गोळी आली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरके नसलेली ही गोळी १९९१ पासून ‘सहेली’ या नावाने विकली जात होती. २०१७ पासून ती ‘छाया’ या नावाने सरकारी आरोग्यकेंद्रांतून मिळू लागली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, असा तिचा नियम असल्यामुळे तो लक्षात ठेवण्यासाठी दोन वार ठरवावे लागतात. औंढा नागनाथचा महादेव ज्या जिल्ह्यात आहे तिथे पहिला वार सोमवार ठरणे स्वाभाविक, आणि मधले अंतर जुळवायचे तर दुसरा वार गुरुवार. एक महादेवाचा, दुसरा दत्ताचा, म्हणजे विसरण्याची भीती उरत नाही. पण त्यातूनच एक धर्मशास्त्रीय पेच निर्माण होतो.

“बाई, ही गोळी उपासाला चालती का?”

“औषधाला उपास कामून आडवा यील?” आशाताई म्हणतात.

“तसं नाई वं. महादेवाचा उपास, अन् गोळी कशाची!”

महादेवाचा स्वतःचा संसार दोनच मुलांचा असल्यामुळे त्याची हरकत असण्याचे कारण नाही, हे उत्तर आशाताईंना सुचते, पण सासूबाई जवळच बसलेल्या असल्यामुळे त्या ते मनातच ठेवतात.

अंतरा हे इंजेक्शनही २०१७ मध्येच सरकारी यादीत दाखल झाले. तीन महिन्यांतून एकदा टोचून घेतले की काम झाले. घरात पाकीट नाही, डबा नाही, ट्रंक नाही. मौनशास्त्राच्या दृष्टीने हे साधन जवळजवळ निर्दोष ठरले असते, जर त्याचा एक नेहमीचा परिणाम नसता. या इंजेक्शनाने अनेक स्त्रियांची पाळी अनियमित होते आणि पुढे काही जणींची ती थांबतेही. वैद्यकीय दृष्ट्या त्यात काळजीचे काही नसते, आणि इंजेक्शने बंद केल्यावर काही महिन्यांनी सर्व पूर्ववत होते. परंतु घरातल्या सर्व सुनांच्या पाळीचा हिशेब सासूबाईंच्या डोक्यात असतो, आणि तो हिशेब तलाठ्याच्या दप्तरापेक्षा अचूक असतो. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि सासूबाईंनी काही न विचारता, काही न सांगता पेढे मागवले. दुपारपर्यंत गल्लीला कळले, संध्याकाळपर्यंत सुनेच्या माहेरी कळले, आणि नवऱ्याला मात्र ही बातमी पानटपरीवर अभिनंदन स्वीकारताना समजली. आता पेढे परत घेता येत नाहीत आणि इंजेक्शन कबूल करता येत नाही, अशा अवस्थेत सुनेने पुढचे काही दिवस चिंच खाण्यात काढले आणि आशाताईंनी “कधी कधी असं पुढंमागं होतं” एवढ्या एका वाक्यात सगळे प्रकरण सावरले. ज्या साधनात काहीच बोलावे लागत नाही असे वाटले होते, त्यात शेवटी अख्खे गाव बोलले.

तांबी, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेले इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे लहानसे साधन, गर्भाशयात बसवले की प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चिंता नसते, आणि नको वाटले की ते काढून टाकता येते. तिच्या आधी, १९६५ च्या सुमारास, लूप नावाचे प्लॅस्टिकचे असेच साधन देशभर वाटले गेले होते, आणि त्याच्याबरोबर अफवाही वाटल्या गेल्या होत्या; लूप गेला, अफवा मात्र तांबीला वारशाने मिळाल्या. तांबी वर चढते, काळजाला टोचते, निंदताना वाकले की निसटते, विजा कडाडताना तांबे वीज ओढते, अशी तिची ख्याती असून यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा नात्यातल्या बाईच्या बाबतीत घडलेली असते, आणि ती बाई नेहमी पैनगंगेच्या पलीकडच्या गावची असते. पलीकडच्या गावात चौकशी केली असता तेथील बायका हीच घटना अलीकडच्या गावात घडल्याचे सांगतात. गर्भाशय ही बंद पिशवी असून तिथून काळजाकडे जाणारा रस्ता नाही, हे नर्सबाई तक्त्यावर बोट ठेवून दाखवतात, श्रोत्या मान हलवतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकींना म्हणतात, “त्यानला काय म्हाईत? त्यांनी काय आतून पाह्यलं?”

ज्यांना कोणतेच साधन नको असते त्यांच्यासाठी आणखी एक जुना मार्ग आहे, आणि तो घरोघरच्या सासऱ्यांना अतिशय प्रिय आहे. तो म्हणजे संयम. या मार्गाला मोठी परंपरा आहे. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या, त्यांनी साधनांची बाजू मांडली, गांधीजींनी संयमाची मांडली, आणि दोघांपैकी कोणाचेही मत बदलले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला आणि असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. परंतु तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी असल्यामुळे आरंभी भर पडला तो सुरक्षित दिवसांच्या पद्धतीवर, म्हणजे महिन्यातील ज्या दिवसांत गर्भ राहण्याचा संभव अधिक असतो ते दिवस टाळण्यावर. दिवस मोजण्यासाठी डॉ. अब्राहम स्टोन या अमेरिकी तज्ज्ञांनी मण्यांची माळ तयार केली. हिरवे मणी निर्धोक दिवसांचे, लाल मणी धोक्याचे, रोज एक मणी सरकवायचा. माळ गळ्यात असली की पुरे, असे समजणाऱ्या श्रद्धाळू स्त्रिया निघाल्या, आणि रंग अंधारात दिसत नाहीत ही अडचणही निघाली. दिवस टाळण्याचा निर्णय नेमका कोणत्या वेळी घ्यावा लागतो, याचा विचार माळ करताना राहून गेला असावा. आजचे सासरे माळ वापरत नाहीत. ओसरीवर बसून ते फक्त एवढेच सांगतात की त्यांच्या वेळी गोळी नव्हती की इंजेक्शन नव्हते, तरी दोन लेकरांवर सगळे थांबले, आणि ते केवळ माणसाच्या मनोनिग्रहावर थांबले.

महाराष्ट्राला या बाबतीत मोठ्याने बोलणारा माणूस लाभला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये, म्हणजे मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये केंद्र उघडले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला आणि तो फेटाळला गेला. कर्व्यांचा खरा अपराध साधने सांगण्याचा नव्हता, ती मराठीत सांगण्याचा होता; इंग्रजीत सांगितली असती तर ती कोणाला कळली नसती आणि सर्वांची अब्रू राहिली असती. सरकारने यापासून बोध घेतला आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबनियोजनाचे चिन्ह म्हणून लाल त्रिकोण निवडला. त्रिकोणाला शब्द नसतात. तो भिंतीवर रंगवता येतो, त्याच्याकडे पाहता येते, आणि त्याच्याविषयी कोणाशी बोलावे लागत नाही.

आता पुरुषाच्या शस्त्रक्रियेकडे, म्हणजे नसबंदीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. वळले तरी पुरुष तिथे नसतो. बिनटाक्याची नसबंदी ही चीनचे डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेली पद्धत असून तीत कापण्याऐवजी एक बारीक छिद्र पाडले जाते, काम साधारण पाव तासात आटोपते, आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर माणूस हलक्या कामाला लागतो. बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती सोपी आहे, आणि पुरुषाला मोबदल्याची रक्कमही अधिक मिळते. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील बाईच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषाच्या नसबंदीचे ०.३ टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हे बायकांचे काम आहे असे मत दिले. उरलेल्या ६५ टक्क्यांनी तसे मत दिले नाही. त्यांनी ते फक्त अमलात आणले.

या अनास्थेचे कारण विचारले असता आणीबाणीकडे बोट दाखवले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयकही संमत केले होते, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा होऊ शकले नाही. त्या वर्षी नवरा-बायकोला आपसात बोलावे लागले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. परंतु १९९५ साली जन्मलेला तरुणही आणीबाणीची धास्ती सांगतो, तेव्हा ही धास्ती सातबाऱ्याबरोबर वारसाहक्काने मिळते असे मानावे लागते. शिवाय “कमजोरी येते” हा आक्षेप असतोच, आणि तो घेणारा गृहस्थ नांगरट ट्रॅक्टरने, पेरणी यंत्राने आणि निंदणी बायकोकडून करून घेत असल्यामुळे नेमकी कोणती ताकद वाचवायची आहे, हे अभ्यासकाला उमगत नाही.

तोंडावर नकार देण्याची रीत मात्र नाही. नकार हंगामात गुंडाळून दिला जातो. जूनमध्ये विषय काढला तर पेरणी असते, जुलैत फवारणी, श्रावणात उपवास, भाद्रपदात पोळ्याची धावपळ नुकतीच सरलेली असते आणि गणपती बसलेले असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, नोव्हेंबरात हरभरा, पुढे तूर. सरकार नोव्हेंबरात पुरुष नसबंदीचा पंधरवडा साजरा करते, तेव्हा नेमके हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि वीज रात्रीची असते. त्यानंतर हळद, ती काढायची, शिजवायची, वाळवायची, घोळायची. मग लग्नसराई, आणि लग्नसराई संपली की ऊन.

“अवो, आशाताई इचारत व्हत्या, तुमचं नाव लिव्हू का म्हनून.”

“हळद निघू दे. मंग पाहू.”

हळद दरवर्षी निघते.

सबंध गावात पुरुषजातीला या विषयाची तळमळ एकाच प्रसंगी लागते, आणि तो म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ही निवडणूक लढवता येत नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की ज्याने आयुष्यात लाल त्रिकोणाकडे मान वर करून पाहिले नाही तो गृहस्थ अचानक आशाताईंना हाक मारून बसायला खुर्ची देतो आणि कुटुंबनियोजनाचे महत्त्व त्यांनाच समजावून सांगतो. पॅनेलमधल्या सर्व इच्छुकांच्या घरातील पाळण्यांवर विरोधी पॅनेलचे बारीक लक्ष असते. बायकोच्या प्रकृतीने जे साधले नाही, ते छाननीच्या भीतीने साधते.

शेवटी उरते ती बाईची शस्त्रक्रिया, जिला गावात नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात, आणि मौनशास्त्राच्या प्रतवारीत तीच पहिली येते. दुसरे मूल झाले, दोन्हींपैकी एक मुलगा असला, म्हणजे कोणी काही न बोलताही सर्वांना पुढचे कळते. थंडीत टाके लवकर भरतात या सर्वमान्य समजुतीनुसार महिना ठरतो, पिशवी भरली जाते, जाऊ सोबतीला निघते आणि नवरा फाट्यापर्यंत सोडायला येतो. एकदा झाले की पुन्हा या विषयावर तोंड उघडण्याची गरज नाही. नियमाप्रमाणे लाभार्थी स्त्री विवाहित असावी, तिचे वय २२ ते ४९ असावे, तिला एक वर्षावरील किमान एक मूल असावे, आणि तिची स्वतःची संमती असावी. नवऱ्याच्या संमतीची अट नाही. ही शेवटची बाब कळल्यावर ओसरीवर क्षणभर शांतता पसरते.

“म्हणजे मला इचारायची गरजच नाई?” नवरा दुखावलेल्या स्वरात म्हणतो.

“तुम्हाला इचारलं व्हतं,” बायको म्हणते. “तुम्ही हळद निघू दे म्हणले.”

असे असूनही सर्वच सुना ऑपरेशनाच्या वाटेने जात नाहीत. एखादी तरुण सून धाकटे मूल मांडीवर असताना आशाताईंबरोबर नात्यातल्या लग्नाचे निमित्त सांगून निघते, तांबी बसवून घेते आणि पोट धरून घरी येते. आणि तिने काही सांगण्याआधीच सासूबाई तिला गरम पाण्याची पिशवी आणून देतात, कारण कोणत्या लग्नाहून बाई कशी परतते हे त्यांना चांगले ठाऊक असते.

“तांबी ना?”

सुनेला काय बोलावे ते सुचत नाही. तिने अफवा ऐकलेल्या असतात, आणि त्यांतल्या निम्म्या सासूबाईंकडूनच ऐकलेल्या असतात.

“दोन-तीन दिस दुखन. मंग काई नाई. म्या दोनदा बदलली व्हती, दोन्ही खेपेला माह्या माहेरी.”

“आत्याबाई! अन् मामंजीनला?”

“त्यानला काय सांगायचं? त्यानला वाटते, त्यांच्या संयमानं झालं.”

दोघी हसू दाबतात, पण ते पुरते दाबले जात नाही आणि भिंतीपलीकडे ऐकू जाते. ओसरीवरून सासरे विचारतात, “कशाचं चाललं गं एवढं बोलणं?”

“हळदीचं,” सासूबाई म्हणतात.